बिटाचा चॉकलेट केक : ओलावा टिकतो कसा व करावा कसा

भाजीपाला पिकविणाऱ्या शेतकऱ्यास बीट हें पीक तसें सोयीचें आहे. थंड हवा, भुसभुशीत जमीन आणि बेताचें पाणी मिळालें म्हणजे दोन ते अडीच महिन्यांत कंद काढणीस येतात. परंतु काढणी लांबली तर कंद तसाच थांबून राहत नाहीं. तो फुगत जातो, जून होतो व त्यांत दोरे पडतात. मध्यम कंदास बाजारांत जें गिऱ्हाईक मिळतें तें नारळाएवढ्या कंदास मिळत नाहीं. असा माल अखेर गुरांपुढें जातो, नाहीं तर बांधावर कुजतो. घरांत तरी कोशिंबीर किती दिवस खाणार? सबब, या कंदाचा एक निराळा उपयोग आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों. तो म्हणजे चॉकलेटच्या केकांत बिटाचा लगदा घालणें हा होय.

ही गोष्ट ऐकून पुष्कळांस हसूं येईल. परंतु गोड पदार्थांत भाजी घालणें आपणांस कांहीं नवीन नाहीं. दुधीचा व गाजराचा हलवा, तांबड्या भोपळ्याचे घारगे हे आपले नित्याचे पदार्थ आहेत. कोंकणांत व गोव्यांत तर पावसाळ्याच्या अखेरीस वेलावर राहून गेलेलें जून, मोठें तवसें किसून, त्यांत गूळ व तांदुळाचा रवा घालून, खालीं-वर निखारे ठेवून धोंडस करितात. जून फळ वायां जाऊं द्यावयाचें नाहीं आणि त्यांतील पाण्यावरच रवा शिजवावयाचा, अशी ही दुहेरी युक्ति आहे. बिटाच्या केकांतील तत्त्व याहून वेगळें नाहीं.

परदेशांतही ही युक्ति गरजेपोटींच रुजली. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें ८ जानेवारी १९४० पासून साखर व लोणी यांचें रेशनिंग सुरू झालें. साखरेवरील निर्बंध १९५३ सालीं उठला. मधल्या काळांत गाजरासारखीं गोडसर मुळें केकांत व पुडिंगांत घालावीं, असा प्रचार तेथील अन्नखात्यानें केला. आज टंचाई नाहीं, तरीही गाजराचा केक तेथें आवडीनें खातात व बिटाचा चॉकलेट केकही घरोघरीं करितात. अमेरिकेंत उन्हाळ्यांत झुकिनी नांवाची दुधीसारखी भाजी वेलावर मावेनाशी होते, तेव्हां तीही किसून चॉकलेट केकांत घालितात. टंचाई गेली तरी रीत राहिली, याचें कारण चव व ओलावा हेंच होय.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चॉकलेटचा केक लवकर कोरडा कां पडतो? याचें पहिलें कारण कोको पूड हें आहे. कोकोच्या बियांतील चरबी दाबून काढिली म्हणजे मागें जो चोथा राहतो त्याची ही पूड होय. ती दाबून काढण्याची कृति हॉलंडमधील व्हॅन हौटेन यांच्या कारखान्यांत १८२८ सालीं निघाली. या पुडींत तंतु व पिष्ट भरपूर असल्यामुळें ती मैद्याहून अधिक पाणी शोषून घेते. दुसरें कारण असें कीं, भाजतांना फुगलेलें मैद्यांतील पिष्ट केक निवल्यावर हळूहळू पुनः घट्ट बांधलें जातें व पाणी सोडूं लागतें. यालाच आपण शिळेपणा म्हणतों. पोळी वा भाकरी दुसरे दिवशीं कडक होते तीही बव्हंशीं याच कारणानें.

मग मिश्रणांत नुसतें पाणीच जास्त घातलें तर चालणार नाहीं काय? नाहीं. मोकळें पाणी मिश्रण पातळ करितें. पातळ मिश्रणांत हवेचे बुडबुडे धरून राहत नाहींत, केक मध्यें बसतो व बुडाशीं चिकट थर जमतो. बिटाचें पाणी मात्र मोकळें नसतें. शंभर ग्रॅम बिटांत सुमारें ८७ ग्रॅम पाणी, ७ ते ८ ग्रॅम साखर आणि २ ते ३ ग्रॅम तंतु असतात. हें पाणी पेशींच्या भिंतींत व पेक्टिन नांवाच्या चिकट द्रव्यांत धरून ठेविलेलें असतें. म्हणून पाव किलो लगद्याबरोबर जवळजवळ २१८ ग्रॅम पाणी केकांत जातें, तरीही मिश्रण दाटच राहतें. भाजतांना व पुढेंही हें पाणी सावकाश सुटतें. स्पंज जसा पाणी धरितो तसाच हा प्रकार आहे. बिटांतील साखरही पाणी धरून ठेवण्यास मदत करिते. बीट व साखर-बीट हीं एकाच वनस्पतीचीं भावंडें आहेत. बिटांत उसासारखीच साखर आहे हें बर्लिनच्या मारग्राफ या रसायनज्ञानें १७४७ सालीं दाखवून दिलें होतें.

केकास मातीचा वास येईल काय, अशी शंका निघणें साहजिक आहे. बिटास जो मातकट वास असतो तो जिओस्मिन नांवाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसानंतर जमिनीचा जो सुवास दरवळतो त्यांतही हेंच द्रव्य असतें. तेथें तें मातीतील सूक्ष्म जीव तयार करितात. हें द्रव्य सालींत अधिक असतें व आंबट पदार्थानें तें बरेंच नाहींसें होतें. म्हणून साल पूर्ण काढावी व लगद्यांत थोडा लिंबाचा रस घालावा. उरलेला वास कोकोच्या उग्र कडवट चवीखालीं दडतो. बीट इतर साध्या केकांपेक्षां चॉकलेटच्याच केकास शोभतें, तें याचसाठीं.

रंगाविषयीं मात्र कोणी भलती आशा धरूं नये. कच्चें मिश्रण सुंदर जांभळट दिसतें, परंतु केक तांबडा होत नाहीं. बिटाचा लाल रंग उष्णतेनें विटतो आणि खाण्याच्या सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रव्यानें पिवळट-तपकिरी होतो. भट्टींतून केक गडद तपकिरीच निघतो. हा दोष नव्हे.

साहित्याचें प्रमाण येणेंप्रमाणें घ्यावें : शिजविलेल्या बिटाचा लगदा २५० ग्रॅम, मैदा १८० ग्रॅम, कोको पूड ६० ग्रॅम, साखर २२० ग्रॅम, वास नसलेलें गोडें तेल १५० मिलिलिटर, अंडीं तीन, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, लिंबाचा रस दोन लहान चमचे व चिमूटभर मीठ. मैद्याऐवजीं अर्धी बारीक चाळलेली कणीक घेतली तरी चालते. केक किंचित् जड होतो इतकेंच. अंडीं वर्ज्य असलेल्या घरीं त्यांच्या जागीं १५० ग्रॅम ताजें, घट्ट दहीं घ्यावें आणि सोडा पाऊण चमचा करावा.

कोको विकत घेतांना डबीवरील मजकूर वाचावा. साध्या कोकोंत आम्लता असते व सोड्याशीं ती मिळून वायु निघतो, त्यानें केक फुगतो. अल्कली देऊन तयार केलेल्या, अधिक काळसर कोकोंत ही आम्लता राहत नाहीं. तसा कोको असेल तर सोडा वगळून बेकिंग पावडर दोन चमचे घालावी. येथें हेंही सांगणें उचित होईल कीं, कोको हें पीक आतां आपल्या देशास परकें राहिलेलें नाहीं. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडु येथें नारळ-सुपारीच्या बागांत तें आंतरपीक म्हणून घेतात.

प्रथम बीट शिजवावें. कंद धुवावे, परंतु सोलूं नयेत. पाल्याचा इंचभर देठ व खालची शेपटी राखावी, नाहीं तर रंग व गोडी पाण्यांत उतरते. त्याच कारणासाठीं कंद पाण्यांत न बुडवितां कुकरच्या भांड्यांत कोरडेच ठेवून वाफेवर शिजवावे. सुरी सहज आरपार जाऊं लागली म्हणजे काढावे, निववावे, साल ओढून काढावी व पाट्यावर किंवा मिक्सरमध्यें लोण्यासारखा बारीक लगदा करावा. जून कंद असेल तर लगदा चाळणींतून दाबून काढावा, म्हणजे दोरे वर राहतात. लगदा पूर्ण थंड झाल्यावरच वजन करावें.

मैदा, कोको, बेकिंग पावडर, सोडा व मीठ हीं दोनदां एकत्र चाळावीं. दुसऱ्या भांड्यांत अंडीं व साखर फेस येईपर्यंत घुसळावीं, मग तेल धार धरून घालावें, शेवटीं लगदा व लिंबाचा रस मिसळावा. आतां कोरडें पीठ तीन वेळां विभागून घालावें व हलक्या हातानें, एकाच दिशेनें कालवावें. पीठ दिसेनासें झालें कीं थांबावें. अधिक घोटल्यास मैद्यांतील चिवट द्रव्य ताणलें जातें व केक भाकरीसारखा होतो. लोण्याऐवजीं तेल सांगितलें आहे त्यासही कारण आहे. लोणी निवल्यावर थिजतें, तेल पातळच राहतें. त्यामुळें केक दुसऱ्या दिवशींही मऊ लागतो.

आठ इंच व्यासाच्या व तीन इंच खोल डब्यास तेल लावून तळाशीं कागद घालावा, मिश्रण ओतावें व आधीं तापविलेल्या ओव्हनमध्यें १८० अंश सेल्सिअसवर ४५ ते ५० मिनिटें भाजावें. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यांत इंचभर मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी, झांकून दहा मिनिटें तापवावें आणि डबा आंत ठेवून मंद आंचेवर सुमारें एक तास भाजावें. कुकर वापरल्यास झांकणाची रबरी कडी व शिटी काढून ठेवावीच. पाण्यावांचून बंद कुकर तापविणें धोक्याचें आहे. पहिलीं तीस मिनिटें झांकण उघडूं नये. काडी घालून पाहिली असतां ओलें मिश्रण न लागतां एखाद-दुसरा मऊ कण चिकटला म्हणजे केक झाला. काडी अगदीं कोरडी निघेपर्यंत भाजत राहणें हीच ओलावा घालविण्याची सर्वांत मोठी चूक होय. दहा मिनिटें डब्यांत राहूं द्यावा, मग जाळीवर काढावा व पूर्ण निवल्यावरच कापावा. झांकून ठेविलेला केक दुसऱ्या दिवशीं अधिक चवदार लागतो.

केक बिघडला तर कारण शोधतां येतें. मध्यें बसला, तर लगदा पाणचट होता किंवा झांकण लवकर उघडलें. साबणासारखी चव आली, तर सोडा जास्त झाला. बीट दाताखालीं आलें, तर लगदा जाडसर राहिला. बिटाच्या जागीं तांबडा भोपळा किंवा गाजर तितक्याच वजनानें घेतां येतें. भोपळ्याचा लगदा फडक्यांतून किंचित् निथळावा. दुधीचा कीस तर हातानें पिळूनच घालावा, कारण त्यांत पाणी फारच जास्त असतें.

ओलसर पदार्थास बुरशीही लवकर धरिते हें विसरूं नये. आपल्या हवेंत हा केक बाहेर दोन दिवसांहून अधिक ठेवूं नये. थंड कपाटांत तो चार-पांच दिवस राहतो, परंतु तेथें पिष्ट लवकर घट्ट होत असल्यामुळें खाण्यापूर्वीं तासभर बाहेर काढावा.

आतां दोन शब्द सावधगिरीचे. भाजी घातली म्हणून हा केक औषध होत नाहीं. त्यांत २२० ग्रॅम साखर आहेच. मधुमेह असलेल्यांनीं तो साध्या केकाप्रमाणेंच मोजून खावा. बिटांत ऑक्सॅलेट असल्यामुळें मूतखड्याचा विकार असलेल्यांनींही वैद्याचा सल्ला घ्यावा.

तसेंच, या उपायानें पडलेला बाजार सांवरेल असेंही कोणी समजूं नये. एका केकास पाव किलो लगदा लागतो. म्हणजे पन्नास किलोच्या लगद्यास दोनशें केक करावे लागतील. भाव पडला असतां गाडीभर मालाचा प्रश्न स्वयंपाकघरांत सुटत नाहीं. तो काढणी वेळेवर करणें, लागवड टप्प्याटप्प्यानें करणें व सहकारी विक्री यांनींच सुटावयाचा. मात्र जो जून, वेडावांकडा कंद व्यापारी उचलीत नाहीं त्यास घरांत मोल येतें, ही गोष्ट लहान नव्हे. घरांतील भगिनींचा हात बसला व गांवांत मागणी दिसली, तर चार केक विकावयासही हरकत नाहीं. परंतु विक्री करण्यापूर्वीं २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखालीं नोंदणी करून घ्यावी, आणि बिटाचा, कोकोचा, तेलाचा व इंधनाचा खर्च लिहून मगच किंमत ठरवावी. बीट घरचें आहे म्हणून तें फुकट धरूं नये. आपल्या मालास आपणच शून्य किंमत दिली, तर व्यापाऱ्यानें अधिक कां द्यावी?