सेखमेतला बोललेला नवस

आयर्लंडच्या कार्लो परगण्यात क्लोनेगल नावाचं छोटं गाव आहे आणि त्या गावात १६२५ साली बांधलेला हंटिंग्टन किल्ला. स्टॅन्ली क्युब्रिकने ‘बॅरी लिंडन’मधली काही दृश्यं इथे टिपली, म्हणून सिनेमाचे चाहते येतात. यू वृक्षांची जुनी वाट बघायला बागप्रेमी येतात. पण काही माणसं बागेकडे न वळता थेट तळघरात उतरतात. तिथल्या दगडी खोल्यांमध्ये एक जुनी विहीर आहे, बारा राशींची बारा देवस्थानं आहेत, मूर्ती, मेणबत्त्या आणि चित्रं आहेत. हे आयसिसचं मंदिर. नाईल नदीपासून हजारो किलोमीटर दूर, पावसाळी आयर्लंडमध्ये, इजिप्तची ही देवी आजही पुजली जाते.

१९७६ साली, वसंत संपाताच्या दिवशी, ऑलिव्हिया रॉबर्टसन, त्यांचे बंधू लॉरेन्स डर्डिन-रॉबर्टसन आणि वहिनी पामेला या तिघांनी इथे ‘फेलोशिप ऑफ आयसिस’ची स्थापना केली. लॉरेन्स चर्च ऑफ आयर्लंडचे धर्मोपदेशक होते. ऑलिव्हिया कादंबऱ्या लिहीत आणि चित्रं काढत. संघटनेत यायला गुप्ततेची शपथ नाही, वर्गणी नाही, आधीचा धर्म सोडण्याची अट नाही. लॉरेन्स यांनी जगभरच्या देवींची सूचीच तयार करायला घेतली आणि तिचा एक खंड भारत, तिबेट, चीन व जपान इथल्या देवींना दिला. विवेकानंदांच्या शिकागोच्या भाषणाला शंभर वर्षं झाली, तेव्हा १९९३ मध्ये त्याच शहरात सर्वधर्म परिषद पुन्हा भरली. त्या व्यासपीठावर आयसिसच्या वतीने ऑलिव्हिया होत्या. २०१३ साली, शहाण्णव वर्षांच्या होऊन त्या गेल्या. किल्ला अजून त्याच घराण्याकडे आहे आणि मंदिर पाहता येतं.

प्राचीन इजिप्तपासून इथवरचा मधला इतिहास भराभर सांगून टाकू. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिलाई बेटावर इ.स. ३९४ मध्ये कोरला गेला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने तिथलं आयसिसचं मंदिर बंद झालं. १८२२ मध्ये शाँपोलियोंने लिपी उलगडली. १८८८ मध्ये लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ ही गूढविद्येची मंडळी जमली, त्यांपैकी मॅथर्स दांपत्याने १८९९ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आयसिसचे विधी केले. १९०४ मध्ये अॅलिस्टर क्रोली कैरोला पोचला आणि नुइत, हादित, होरस या इजिप्शियन देवतांभोवती त्याने नवा पंथ उभारला. १९५१ मध्ये इंग्लंडचा चेटूकविरोधी कायदा रद्द झाला, १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनरचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं आणि विक्का हा धर्म उघडपणे लोकांसमोर आला.

गार्डनरच्या त्या पुस्तकाला प्रस्तावना कोणाची होती? मार्गारेट मरे यांची. या बाईंसाठी थोडं थांबायलाच हवं. जन्म १८६३, कलकत्ता. तरुणपणी तिथेच रुग्णसेवा. पुढे लंडनला जाऊन त्या चित्रलिपी शिकल्या, पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रींच्या हाताखाली तयार झाल्या, अबायडोसला ओसायरिस देवाच्या वास्तूचं उत्खनन केलं, १९०८ मध्ये मँचेस्टरला लोकांसमोर ममी उलगडली. या झाल्या इजिप्तच्या अभ्यासक मरे. दुसऱ्या मरेंनी १९२१ मध्ये असं मांडलं की युरोपात चेटकिणी म्हणून जाळलेल्या बायका एका प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या. हा सिद्धान्त इतिहासकारांनी पुढे पार मोडीत काढला, आणि ते योग्यच झालं. पण गार्डनर आणि त्याच्या सोबत्यांना आपली वंशावळ त्यातच सापडली. विक्काच्या पाळण्याशी इजिप्तची एक जाणकार उभी होती, हे विसरून चालणार नाही. शंभरी गाठून, ‘माझी पहिली शंभर वर्षं’ अशा अर्थाच्या नावाचं आत्मचरित्र प्रसिद्ध करून, १९६३ मध्ये त्या वारल्या.

विक्काचा विधी साधारण असा असतो. वर्तुळ आखायचं, चार दिशांना आवाहन करायचं, मग देवी आणि देव यांना बोलवायचं. ती देवी बऱ्याचदा आयसिस असते. दुसऱ्या शतकात आपुलेयसने ‘सोनेरी गाढव’ या लॅटिन कादंबरीत आयसिसच्या तोंडी जे भाषण घातलं, त्यात ती सांगते की निरनिराळे लोक मला निरनिराळ्या नावांनी पुजतात. डोरीन व्हॅलिएंटे यांनी विक्कासाठी घडवलेल्या देवीच्या आवाहनात हीच कल्पना आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेल्या एका ग्रीक पपायरसात तर आयसिसच्या गावोगावच्या नावांची लांबलचक यादी आहे आणि भारतीयांमध्ये तिला माइआ म्हणतात, अशीही नोंद त्यात आहे. तेव्हा एकाच वर्तुळात आयसिस, डायना आणि काली यांना एकत्र हाक मारणारे आजचे पेगन, म्हणजे जुन्या देवतांचे नवे उपासक, काही अघटित करत नाहीत. रोमन काळातली आयसिस असाच प्रवास करत होती. लंडनला सदर्कमध्ये सापडलेल्या एका रोमन सुरईवर तिच्या लंडनमधल्या मंदिराचा उल्लेख कोरलेला आहे.

आयसिसबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. प्रस्तुत लेखिकेचं मन मात्र कित्येक वर्षं सेखमेतवर जडलेलं आहे.

सेखमेत म्हणजे सिंहिणीच्या तोंडाची, डोक्यावर सूर्यबिंब धारण करणारी देवी. माणसं आपल्याविरुद्ध कट करताहेत असं कळल्यावर सूर्यदेव रा याने आपला डोळा पृथ्वीवर धाडला. तो सेखमेतच्या रूपात माणसांचा संहार करत सुटला. मग रालाच दया आली. रात्रीतून सात हजार घागरी बिअर लाल रंगवून शेतांत ओतली. देवीने ती रक्त समजून प्यायली, झिंगली आणि माणूस वाचला. फेरो सेती पहिला याच्या थडग्यात ही कथा भिंतीवर कोरलेली आहे. रोग धाडणारी तीच आणि बरे करणारीही तीच, म्हणून तिचे पुजारी वैद्यकी करत. एबर्स पपायरसात वैद्यांच्या जोडीने त्यांचा उल्लेख येतो. फेरो आमेनहोतेप तिसरा याने तिच्या सातशेहून अधिक मूर्ती घडवल्या असाव्यात, असा अंदाज आहे. फ्रेंच अभ्यासक जाँ योयोत यांच्या मते वर्षाच्या प्रत्येक दिवसाला दोन मूर्ती असा हिशोब होता, म्हणजे अख्खं स्तोत्रच दगडात उभं केलेलं. तुरीनच्या संग्रहालयात त्यांतल्या एकवीस आहेत. त्या दालनात उभं राहिलं की दगडाच्या एवढ्या सिंहिणींसमोर आवाज आपोआप खाली येतो.

यापैकी बहुतेक मूर्ती आज संग्रहालयांत आहेत. कर्नाकला प्ताह या देवाच्या छोट्या मंदिरात मात्र एक सेखमेत अजून गाभाऱ्यात उभी आहे, काळ्या दगडाची. दार लावलं की छतातल्या झरोक्यातून तेवढा उजेड तिच्यावर पडतो. लेखिका तिथे गेली तेव्हा दोन परदेशी बायका चपला बाहेर काढून आत आल्या, मूर्तीच्या पायाशी हात टेकवून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. पहारेकऱ्याला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. अशी माणसं तो रोज बघत असणार.

याच मूर्तीसमोर १९६०च्या दशकात जेनेव्हीव्ह व्हॉन उभ्या राहिल्या होत्या. मूळच्या टेक्ससच्या, लग्नानंतर इटलीत राहणाऱ्या. मूल होत नव्हतं. सेखमेत संतती देते असं कानावर आलं, तेव्हा त्यांनी नवस बोलला: मूल झालं तर तुझं मंदिर बांधीन. लवकरच दिवस राहिले आणि पुढे त्यांना तीन मुली झाल्या. नवस फेडायला बराच काळ गेला, पण फेडला तो अशा जागी की कोणाला सुचलीही नसती. लास व्हेगसच्या वायव्येला, महामार्ग ९५ लगत, कॅक्टस स्प्रिंग्जच्या वाळवंटात.

ती जागा त्यांनी का निवडली, यात या मंदिराचं सगळं मर्म आहे. जवळच नेवाडाचं अणुचाचणी क्षेत्र आहे. १९५१ ते १९९२ या काळात अमेरिकेने तिथे ९२८ अणुचाचण्या केल्या. जमीन मुळात वेस्टर्न शोशोनी लोकांची. १८६३च्या रुबी व्हॅली कराराच्या आधारे ते आजही तिच्यावर हक्क सांगतात. व्हॉन यांनी तिथली वीसेक एकर जमीन विकत घेतली आणि शोशोनींना परत केली. मंदिर १९९३ मध्ये उभं राहिलं. चारही बाजूंना कमानी आहेत, पण दारं नाहीत. डोक्यावर तांब्याच्या कड्यांचा उघडा घुमट, त्यातून आकाश दिसतं. आतली सेखमेत मार्शा गोमेझ या शिल्पकर्तीने घडवली. अणुचाचण्यांविरुद्ध धरणं धरायला येणाऱ्या बायकांना इथे आसरा मिळे. आज जवळच्या क्रीच हवाई तळावरून लष्करी ड्रोन चालवले जातात, त्यामुळे विरोधाची माणसं अजून येतात. मंदिरात प्रवेशाला पैसे नाहीत, विधींना ठरलेली दक्षिणा नाही. देणगीवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेबद्दल व्हॉन यांनी आयुष्यभर लिहिलं आणि मंदिरही त्याच तत्त्वावर चालवलं.

सेखमेतच्या बाबतीत इतकी अचूक जागा प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांनाही शोधता आली नसती, असं लेखिकेचं ठाम मत आहे. सूर्याच्या आगीने माणसं जाळत सुटलेल्या आणि मग थांबवल्या गेलेल्या देवीला अणुबॉम्बच्या शेजारी बसवणं, हे पुरातन कथेचं फार खोल आकलन आहे. नुसता पुतळा आणून मांडण्याशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही.

पूजेची शिस्त पाहायची असेल, तर मात्र इलिनॉयकडे वळावं लागतं. तमारा सियुडा १९८८ मध्ये विक्काची दीक्षा घेत होत्या, आणि त्याच सुमाराला इजिप्तच्या देवतांनी आपल्याला बोलावलं, असं त्या सांगतात. त्यातून ‘केमेटिक ऑर्थोडॉक्सी’ हा पंथ निघाला. पुढे शिकागो विद्यापीठातून त्यांनी इजिप्तविद्येची पदव्युत्तर पदवी घेतली. या पंथात वर्तुळ आखणं नाही, विक्काचे आठ सण नाहीत. कवड्या टाकून प्रत्येकाची मातृ-पितृदेवता ठरवली जाते. घरोघरी रोजची पूजा असते. आधी नेट्रॉन या क्षाराच्या पाण्याने शुद्धी करायची. खरं नेट्रॉन मिळत नाही म्हणून मीठ आणि खायचा सोडा एकत्र करून ते तयार करतात. मग पांढरे कपडे, दिवा, धूप, पाणी, पाव. देवतेसमोर ठेवलेलं अन्न नंतर पूजा करणाऱ्याने खायचं असतं. प्राचीन मंदिरांतही देवापुढचा नैवेद्य उतरून पुजाऱ्यांमध्ये वाटला जाई, त्यामुळे मराठी वाचकाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. वर्षारंभ व्याधाचा तारा पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागण्यावरून काढतात, आणि त्याआधीचे पाच दिवस ओसायरिस, थोरला होरस, सेत, आयसिस आणि नेफ्थिस यांचे वाढदिवस म्हणून पाळतात. अपेप या अंधाराच्या सापाचं चित्र काढून किंवा त्याला मेणात घडवून त्याचा नाश करायचा विधीही आहे. त्याचा आधार ब्रिटिश म्युझियममधल्या ब्रेम्नर-ऱ्हिंड पपायरसात सापडतो.

हे लोक विक्कावाल्यांच्या सरमिसळीवर टीका करतात, विक्कावाले यांना पोथीनिष्ठ म्हणतात. लेखिकेचा कल रोजची पूजा करणाऱ्यांकडे आहे. देवतेला वर्षातून काही वेळा हाक मारणं आणि तिच्यासमोर रोज सकाळी पाणी ठेवणं, यात फार अंतर आहे.

रोजच्या सेवेचं नाव निघालं की डोरोथी ईडी आठवतातच. १९०४ साली लंडनमध्ये जन्मलेली ही मुलगी तीन वर्षांची असताना जिन्यावरून पडली आणि त्यानंतर ‘मला घरी न्या’ म्हणत राहिली. ते घर म्हणजे सेती पहिला याचं अबायडोसचं मंदिर, आपण पूर्वजन्मी तिथली पुजारीण होतो, अशी तिची पक्की श्रद्धा होती. तिने इजिप्शियन माणसाशी लग्न केलं, मुलाचं नाव सेती ठेवलं, म्हणून लोक तिला ओम्म सेती, म्हणजे सेतीची आई, म्हणू लागले. पुरातत्त्व खात्यात सेलिम हसन आणि अहमद फख्री या मोठ्या अभ्यासकांसोबत तिने काम केलं आणि १९५६ मध्ये अबायडोसलाच बदली करून घेतली. मंदिरात ती अनवाणी जाई, देवांपुढे नैवेद्य ठेवी, जुन्या पंचांगातले सण पाळी. १९८१ मध्ये ती वारली, तिथेच वाळवंटात पुरली गेली. पुनर्जन्मावर विश्वास न ठेवणारे विद्वानही मंदिराबद्दलच्या तिच्या ज्ञानाला मान देत.

या सगळ्याला दुसरीही बाजू आहे. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांसाठी केमेत, म्हणजे प्राचीन इजिप्त, हा हिरावून घेतलेला वारसा आहे. १९७३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेली ‘औसार औसेत सोसायटी’ त्याच भावनेतून उभी राहिली, आणि गोऱ्या पेगनांनी या देवता आपल्या सोयीने वापराव्यात, हे तिथल्या अनेकांना पटत नाही. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायलाच हवं. नावामुळेही त्रास झाला. दहशतवादी संघटनेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं आयसिस अशीच जुळली, आणि २०१५ मध्ये डेन्व्हरजवळच्या ‘आयसिस बुक्स’ या पेगन पुस्तकांच्या दुकानाच्या पाटीची मोडतोड झाली. देवीच्या नावाचं ते दुकान त्या संघटनेच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

पुण्या-मुंबईहून इजिप्तच्या सहली आता नेहमी निघतात. कर्नाकला गेल्यावर वाटाडे मोठ्या खांबांचा मंडप दाखवतात, ओबेलिस्क दाखवतात आणि बसकडे वळवतात. प्ताहचं मंदिर परिसराच्या उत्तरेकडच्या भिंतीजवळ आहे, आणि सहलीच्या वेळापत्रकात ते बहुधा नसतं. जाणाऱ्यांनी आधीच सांगून त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. आत कोणी हात जोडून उभं असेल, तर त्यांचं झाल्यावरच आपण पुढे व्हावं, आणि फोटो काढायची घाई करू नये.