पर्सियसची गोष्ट कुठे हरवली?

‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ २ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या जमेच्या बाजूला काय नव्हतं? झ्यूसच्या भूमिकेत लियाम नीसन, ‘अवतार’मुळे नुकताच जगभर पोहोचलेला सॅम वर्दिंग्टन, सुमारे साडेबारा कोटी डॉलरचा खर्च, आणि हजारो वर्षं सांगितली गेलेली पर्सियसची ग्रीक कथा. सिनेमाने जगभरात ४९ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. तरीही कथेवर प्रेम करणारा प्रेक्षक हिरमुसलाच.

मूळ गोष्ट अशी. नातवाच्या हातून तुझा मृत्यू होईल, असं भाकीत ऐकलेला राजा अक्रिसियस मुलगी डॅनाई आणि तिचा तान्हा पर्सियस यांना पेटीत घालून समुद्रात सोडतो. (इथे आपल्याला कर्ण आठवणारच.) सेरिफोस बेटावरचा डिक्टिस त्यांना वाचवतो. पुढे बेटाच्या राजाचा डॅनाईवर डोळा पडतो आणि वाटेतला काटा काढायला तो पर्सियसला मेडुसाचं मुंडकं आणायला धाडतो. तिच्याकडे पाहील तो दगड होतो. पर्सियस चकचकीत ढालीतलं प्रतिबिंब पाहत वार करतो. परतीच्या वाटेवर त्याला समुद्री राक्षसाचा बळी म्हणून खडकाला जखडलेली अँड्रोमेडा दिसते. आईने रूपाची बढाई मारली, त्याची शिक्षा लेक भोगत असते. तिला सोडवून तो तिच्याशी लग्न करतो. अखेर त्याने खेळात फेकलेली थाळी नेमकी आजोबांना लागते.



या गोष्टीत प्रत्येक पाऊल कुणासाठी तरी उचललेलं आहे, आधी आईसाठी, मग अँड्रोमेडासाठी. दिग्दर्शक लुई लेटेरिये यांच्या सिनेमात नेमका हाच धागा तुटतो. पाताळाचा देव हेडिस पर्सियसला सांभाळणाऱ्या कुटुंबाला बुडवतो आणि पर्सियस सूडाला निघतो. देवांनी दिलेली तलवारही त्याला नको असते. अँड्रोमेडाशी त्याची धड ओळख होत नाही. प्रेमाची जागा आयो नावाच्या, दुसऱ्याच कथेतल्या पात्राला मिळते. नायक सतत चिडलेला, पण त्याला काय हवंय ते आपल्याला भिडत नाही.

मूळ कथेत बदल केले हा गुन्हा नव्हे. याच नावाच्या १९८१च्या सिनेमानेही ते मनसोक्त केले होते. समुद्री राक्षसाला ‘क्राकेन’ हे नाव त्यानेच दिलं, आणि तो तर स्कँडिनेव्हियातल्या लोककथांमधला. पंखांचा घोडा पेगॅसस खरं तर बेलेरोफोनचा. तोही पर्सियसला मिळाला. पण तिथला पर्सियस अँड्रोमेडासाठी जीव धोक्यात घालतो, हे कळत राहतं. शिवाय तिथे पडद्यावर बाहुल्यांमध्ये जीव ओतणारे रे हॅरीहाउझेन होते. बाहुली किंचित हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा २४ फ्रेम लागतात. त्यांची मेडुसा मशालींच्या अंधुक उजेडात हातांवर भार देत सरपटत येते, शेपटीचा खुळखुळा वाजतो, हातात धनुष्य असतं. खांबाआड दबलेल्या पर्सियसबरोबर आपणही श्वास रोखतो. २०१०ची संगणकीय मेडुसा लाव्हाच्या कुंडावर सरसर फिरते. ती वेगवान आहे, पण तिची धास्ती वाटायला सिनेमा उसंतच देत नाही.

त्यात थ्रीडीचा हट्ट. चित्रीकरण साध्या पद्धतीने झालं होतं. डिसेंबर २००९मध्ये ‘अवतार’ आला, त्याचं यश पाहून वॉर्नर ब्रदर्सने तयार सिनेमा थ्रीडीत बदलायचं ठरवलं. मूळच्या मुंबईच्या प्राइम फोकस कंपनीकडे हे काम आलं, आणि हाताशी होते अवघे दहा आठवडे. अशा रूपांतरात फ्रेममधल्या प्रत्येक वस्तूची कडा आखून तिला खोली द्यावी लागते, दुसऱ्या डोळ्यासाठी वेगळं चित्र बनवावं लागतं आणि त्यामागे उघड्या पडलेल्या जागा भरून काढाव्या लागतात. केस, धूर, पाणी यांत खरी कसोटी लागते. एवढ्या घाईत हे नीट होणं अशक्यच होतं. माणसं पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी दिसली. दोष कारागिरांचा नाही, वेळापत्रक ठरवणाऱ्यांचा आहे.

दोन वर्षांनी ‘रॅथ ऑफ द टायटन्स’ हा पुढचा भाग आला, पण पहिल्याइतकी कमाई त्याला जमली नाही. घरातल्या मुलांना ही कथा दाखवायची असेल, तर १९८१चाच सिनेमा लावा. त्यातला मेडुसाचा प्रसंग आजही पुरेसा भीतिदायक आहे, तेव्हा अगदी लहानग्यांना मात्र जवळ घेऊन बसा.