स्थावर संपदा अभिकर्त्यांची आचारसंहिता (महाराष्ट्र)

घर, भूखंड, दुकान किंवा जमीन यांच्या खरेदी-विक्रीत दोन पक्षांची गाठ घालून देणाऱ्या आणि त्याबद्दल दलाली घेणाऱ्या व्यक्तीस अथवा संस्थेस स्थावर संपदा अभिकर्ता म्हणतात. व्यवहारात 'इस्टेट एजंट', 'जमीन दलाल' किंवा 'मध्यस्थ' ही नावे रूढ आहेत. महाराष्ट्रात या व्यवसायाच्या आचरणाचे नियमन प्रामुख्याने स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ (रेरा) आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ या दोन कायद्यांनी होते. पहिला कायदा नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरता आहे. दुसरा अभिकर्त्याच्या प्रत्येक व्यवहारास लागू होतो.

पार्श्वभूमी

रेरा कायद्यापूर्वी महाराष्ट्रात या व्यवसायासाठी परवाना, पात्रता किंवा नोंदणी यांपैकी कशाचीही सक्ती नव्हती. अभिकर्त्यांच्या नोंदणीची व कर्तव्यांची कलमे १ मे २०१७ पासून अमलात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची (महारेरा) स्थापना झाली होती.

नोंदणी व पात्रता

कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका किंवा भूखंड विकण्यास साहाय्य करणाऱ्या अभिकर्त्याने प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. ही नोंदणी ५ वर्षांसाठी असते व आपण घडवून आणलेल्या प्रत्येक विक्रीत नोंदणी क्रमांक नमूद करावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने अभिकर्त्यांसाठी प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. १ जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्र नसलेल्यास नोंदणी मिळत नाही किंवा तिचे नूतनीकरण होत नाही.

रेरा कायद्यातील कर्तव्ये

कलम १० मध्ये पुढील कर्तव्ये सांगितली आहेत:

• नोंदणी आवश्यक असूनही ती न केलेल्या प्रकल्पातील सदनिका वा भूखंड विकण्यास मदत न करणे.
• हिशेबवह्या, अभिलेख व कागदपत्रे विहित पद्धतीने जतन करणे.
• नसलेली मान्यता किंवा संलग्नता असल्याचे न भासवणे. सेवांविषयी खोटी वा दिशाभूल करणारी विधाने न करणे.
• जी सेवा देण्याचा हेतू नाही, तिची जाहिरात न करणे.
• नोंदणीच्या वेळी ग्राहकास ज्या माहितीचा व कागदपत्रांचा हक्क आहे, ती सर्व त्याला मिळवून देणे.

यांतील शेवटचे कर्तव्य ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठरते. सदनिकेचे चटई क्षेत्र, मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, प्रकल्प पूर्ण होण्याचा दिनांक आणि जमिनीवरील बोजा ही माहिती महारेराच्या संकेतस्थळावर असते. 'सुपर बिल्ट-अप' आकडा सांगून चटई क्षेत्राविषयी मौन बाळगणे या कर्तव्याशी विसंगत आहे. तसेच लेखी नोंदणीकृत करार होण्यापूर्वी प्रवर्तकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. 'टोकन' देण्याची घाई करणाऱ्या ग्राहकास ही मर्यादा सांगणे योग्य आचरणात मोडते.

रेराबाहेरील व्यवहार

जुन्या सदनिकांची पुनर्विक्री, भाड्याचे व्यवहार आणि शेतजमिनीची विक्री हे सामान्यतः रेराच्या कक्षेबाहेर राहतात. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा किंवा सदनिकांची संख्या ८ पेक्षा अधिक नाही, त्यालाही नोंदणीतून सूट आहे. अशा व्यवहारांत करार अधिनियमातील अभिकरणाची तत्त्वे लागू होतात. ज्याने काम सोपवले त्याच्या सूचनांनुसार वागणे, पुरेसे कौशल्य व दक्षता दाखवणे, मागताच हिशेब देणे आणि त्याच्या वतीने मिळालेली रक्कम त्याच्या स्वाधीन करणे, ही ती कर्तव्ये होत.

ज्याने काम सोपवले त्याच्या संमतीवाचून अभिकर्त्याने त्याच व्यवहारात स्वतःसाठी खरेदी-विक्री करू नये, असेही हा कायदा सांगतो. मालकाची जमीन दुसऱ्याच्या नावाने कमी दरात स्वतःच घेऊन पुढे चढ्या दराने विकणे हा या तत्त्वाचा भंग होय. कामात गैरवर्तन करणारा अभिकर्ता त्या भागाचा मोबदला मागू शकत नाही (कलम २२०).

रेरा कायद्याने दलालीचा दर ठरवून दिलेला नाही; तो पक्षांच्या ठरावावर अवलंबून असतो. खरेदीदार व विक्रेता या दोघांकडून दलाली घेतली जात असल्यास ते दोघांनाही आधी सांगणे आणि दर लेखी ठरवणे, हे सचोटीचे लक्षण मानले जाते.

नाशिक परिसरातील विशेष बाबी

नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. शहराची वाढ मुख्यतः शेतजमिनीवर झाल्यामुळे येथील अभिकर्त्यास जमीनविषयक कायद्यांचे ज्ञान असणे अगत्याचे ठरते.

शेतजमीन: कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. हरित पट्ट्यातील शेताचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून 'निवासी प्लॉट' म्हणून विकले गेले, तर खरेदीदाराचे नाव सातबाऱ्यावर सामाईकात लागले तरी बांधकाम परवानगी मिळेलच असे नाही. आयुष्याची पुंजी अशा तुकड्यात अडकू शकते.

आदिवासी जमीन: सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांत आदिवासी खातेदारांची संख्या मोठी आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीस विकण्यासाठी शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सातबाऱ्यातील 'इतर अधिकार' हा रकाना व फेरफार नोंदी न पाहता असा व्यवहार सुचवणे हे दक्षतेच्या कर्तव्यात बसत नाही.

पूररेषा: गोदावरीकाठी निळी व लाल पूररेषा आखलेली आहे. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे. भूखंड रेषेच्या कोणत्या बाजूस आहे, हे ग्राहकास व्यवहारापूर्वी सांगणे आवश्यक ठरते.

संरक्षण क्षेत्र: देवळाली परिसरात लष्करी हद्दीलगतच्या बांधकामावर निर्बंध असतात, त्यांचीही माहिती देणे अभिप्रेत आहे.

तक्रार व दंड

रेराच्या कलम ९ व १० चा भंग केल्यास अभिकर्त्यास प्रतिदिन १०,००० रुपयांप्रमाणे, एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. खोटी माहिती देऊन मिळवलेली नोंदणी रद्दही होते. तक्रार महारेराच्या संकेतस्थळावरून दाखल करता येते. प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. पुनर्विक्रीसारख्या रेराबाहेरील व्यवहारांत, मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. फसवणूक झाल्यास पोलिसांकडे तक्रार करता येते. या सर्व ठिकाणी दलालीची पावती, लेखी ठराव व पत्रव्यवहार हाच मुख्य पुरावा ठरतो.