लेकराच्या आजारात गावाचा वाटा

पैनगंगेच्या अलीकडील काळ्या जमिनीत, जिथे कपाशीच्या वेचणीवर सबंध वर्षाचा संसार उभा असतो, त्या तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथसारख्या गावी सात-आठ वर्षांच्या एखाद्या मुलास सकाळी उठल्याबरोबर डोके दुखून उलटी होऊ लागली, तर प्रथम पित्ताचा, मग जंतांचा, त्यानंतर चष्म्याच्या नंबराचा आणि अखेरीस कोणाच्या तरी नजरेचा संशय घेतला जातो. आणि याबद्दल आईबापांस दोष देणे अन्यायाचे होईल, कारण शंभरांतील बहुतेक लेकरांच्या बाबतीत यांपैकी एखादे साधे कारणच खरे असते. परंतु उलटी झाली की डोके हलके व्हावे, हा क्रम दिवसामागून दिवस चालू राहावा, चालताना पोराचा झोक जावा, एक डोळा तिरळा दिसू लागावा, वहीतले वळणदार अक्षर एकाएकी बिघडावे, ही लक्षणे जेव्हा एकत्र येतात, तेव्हा एमआरआय करून पाहण्यास विलंब लावू नये. मुलांमध्ये मेंदूतील गाठ बऱ्याचदा मागच्या बाजूस, लहान मेंदूत वाढते. तिच्यामुळे मेंदूभोवती खेळणाऱ्या पाण्याची वाट अडते, डोक्यातील दाब चढतो, आणि रात्रभर आडवे पडून राहिल्याने तो पहाटे सर्वांत असह्य होतो. मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल याच गाठींचा क्रम लागतो.

निदान ऐकल्याबरोबर माता मनातल्या मनात स्वतःची फेरतपासणी आरंभिते: गरोदरपणी काय खाल्ले, पोर कधी पाळण्यातून पडले, कुठला नवस राहिला. तिला सर्वांआधी हे कोणीतरी निःसंदिग्ध सांगितले पाहिजे की बहुतांश मुलांत या गाठीचे कारण कोणत्याही वैद्यास दाखविता येत नाही, आणि तिच्या हातून काही चुकले म्हणून ती झालेली नाही.

यानंतर प्रवास सुरू होतो. आदिलाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ आहे. त्यापुढे नागपूर सुमारे 200 किलोमीटर, हैदराबाद सुमारे 300, आणि 1941 साली परळ येथे उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय तर नंदिग्राम एक्सप्रेसने एक रात्र काढून गाठावयाचे. मेड्युलोब्लास्टोमा या गाठीत, जी मुलांच्या मेंदूतील घातक गाठींमध्ये सर्वाधिक आढळते, प्रथम शस्त्रक्रिया, मग आठवड्यातील पाच दिवस असा सुमारे सहा आठवडे किरणोपचार, ज्यास आपल्याकडे ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात, आणि त्यानंतर कित्येक महिने केमो, असा साधारण क्रम असतो. तीन वर्षांखालील बालकांस मात्र, वाढत्या मेंदूस इजा पोहोचू नये म्हणून, शेक शक्यतो टाळतात.

शस्त्रक्रियेनंतरच्या एका अवस्थेविषयी आधी कल्पना नसेल तर घरचे हबकून जातात. लहान मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर काही मुले एक-दोन दिवसांत अकस्मात मुकी होतात; डोळे उघडे, पण शब्द नाही, हाक मारली तर रडणे किंवा शून्य दृष्टी. ही वाचा आठवड्यांनी, कधी महिन्यांनी परतते, आरंभी अडखळत आणि संथ. त्या काळात बापाने उशाशी बसून नेहमीप्रमाणे बैलांच्या, शेताच्या, शाळेच्या गोष्टी बोलत राहावे. उत्तर येत नसले तरी पोर ऐकत असते.

पैशाची तजवीज हे या आजाराचे दुसरे रणांगण. तेलंगणातील रेशनकार्डधारकांसाठी आरोग्यश्री योजना आहे. इस्पितळातील या योजनेच्या आरोग्यमित्रास दाखल होण्यापूर्वीच भेटून कोणता दाखला, कोणती मंजुरी लागते ते विचारून घ्यावे, विशेषतः राज्याची हद्द ओलांडावयाची असेल तर. गाठ कर्करोगाची असल्यास इस्पितळाच्या दाखल्यावर रेल्वेच्या शयनयानात रुग्णास पूर्ण आणि सोबत्यास तीन-चतुर्थांश सवलत मिळते. परळला नाना पालकर स्मृती समिती 1968 पासून परगावच्या रुग्णांस आश्रय देते; 2006 साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड ही संस्था कर्करोगग्रस्त मुलांस आईबापांसह विनामूल्य राहावयास देते, तिची केंद्रे हैदराबादेतही आहेत, आणि तेथे आई स्वतःच्या हाताने लेकरासाठी भाकरी भाजू शकते. या भाकरीचे मोल मी कमी लेखीत नाही. केमोने तोंडाची चव गेलेल्या पोराच्या पोटात ओळखीचा घास गेला, तरच पुढची मात्रा सोसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात, गरीब देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. आणि या भीषण अंतराचे एक मोठे कारण असे की उपचार मध्येच सुटतात. ते का सुटतात, हे कापूस पिकविणाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. बोंडे फुटून पांढरी झाली आहेत, सावकाराची मुदत भरत आली आहे, घरी धाकटी मुलगी आजीपाशी आहे, आणि इस्पितळातील पोर तर आता हसू-खेळू लागले आहे. तेव्हा चार दिवस गावी जाऊन येऊ, असे म्हणून निघालेले कुटुंब पुन्हा परतत नाही. म्हणून भावकीने समाचारास येऊन दुसऱ्या गावचे औषध सुचविण्यापेक्षा वेचणी अंगावर घ्यावी. एकाने कागदपत्रांची फाईल सांभाळावी, पुढली तारीख ध्यानात ठेवावी. कोणीतरी धाकटीस शाळेत पोहोचवावे आणि दादाला काय झाले हे तिला तिच्या वयाजोगे खरे सांगावे, कारण न सांगितल्यास ती आपल्याच भांडणाचा तो परिणाम समजते.

पोर गावी परतते तेव्हा टोपीखाली केस नसतात. कधी कमी ऐकू येते, उंची मागे राहते, पाढा आठवण्यास वेळ लागतो. हा उपचारांचा परिणाम आहे, आळस नव्हे, हे गुरुजींस आईबापांनी शाळा सुरू होण्यापूर्वीच सांगावे, व गुरुजींनी पोरास पुढच्या बाकावर बसवावे. दर काही महिन्यांनी एमआरआयची तारीख येत राहील. तिच्या आदल्या आठवड्यात घरात कोणास झोप नसते, आणि अंगणात येऊन निमूटपणे बसणारा शेजारी तेवढ्या दिवसांत फार हवासा वाटतो.