मुलाखतीतले नको ते प्रश्न

नोकरीसाठी अर्ज केला आणि भेटायला बोलावणे आले, म्हणजे मनात धाकधूक होते. आपण ठेवणीतले कपडे घालतो. कागद पुन्हा पुन्हा तपासतो. टेबलापलीकडे बसलेला माणूस मोठा आणि आपण लहान, असे वाटते. तो जे जे विचारील त्याचे उत्तर दिलेच पाहिजे, असेही वाटते. हे खरे आहे का? या पाठात तेच पाहू.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक ताई आहेत. रात्रीच्या वर्गात त्या लिहायला-वाचायला शिकल्या. आता औषधाच्या बाटलीवरचे नाव त्यांना वाचता येते. नवरा वारला. घरात दोन मुले आणि सासू. एका खाजगी दवाखान्यात आयाची जागा निघाली. ही नोकरी लागली तर घरभाडे थकणार नाही आणि मुलांची शाळा सुटणार नाही. ताई भेटायला गेल्या. साहेबांनी विचारले,

"आधी कुठं काम केलंय?"

"दोन वर्षं एका आजारी आजींना सांभाळलं, साहेब. अंघोळ, जेवण, औषध, सगळं करत होते."

"रात्रपाळी जमेल?"

"जमेल."

इथपर्यंत ठीक होते. मग साहेब म्हणाले, "आडनावावरून काही कळत नाही. तुम्ही कोणापैकी?" आणि लगेच, "मालक नाहीत म्हणता. दुसरं लग्न करायचा विचार आहे का? पुन्हा पाळणा हलला तर आम्ही काय करायचं?"

ताईंच्या घशाला कोरड पडली. काय बोलावे? खोटे बोलावे, तर उद्या उघडे पडेल. भांडावे, तर नोकरी गेली. मुकाट्याने सगळे सांगावे, तर मन खाली बसते, आणि सांगूनही नोकरी मिळेलच असे नाही.

कसोटी एकच

असा प्रसंग आला तर मनाशी एकच गोष्ट विचारावी. या प्रश्नाचा कामाशी संबंध आहे का?

अनुभव किती, पाळीने काम जमेल का, जड वस्तू उचलता येईल का, कामावर कधीपासून याल, हे कामाचे प्रश्न आहेत. वय आणि पत्त्याचा पुरावा मागणेही रास्त आहे. त्यांची उत्तरे खरी आणि सरळ द्यावीत.

जात कोणती, देव कोणता मानता, लग्न का झाले नाही, दिवस गेले आहेत का, मत कोणाला दिले, हे कामाचे प्रश्न नव्हेत. ते बाईला विचारले काय किंवा पुरुषाला विचारले काय, सारखेच.

कायदा काय सांगतो

आपले संविधान २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले. त्याचे सोळावे कलम सांगते, की सरकारी नोकरी देताना धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम सरकारी नोकरीपुरते आहे. पण बाई आहे म्हणून नोकरीवर घेताना भेदभाव करायला खाजगी मालकालाही मनाई आहे. १९७६ सालच्या समान वेतनाच्या कायद्यात हे होते. आता ते २०१९ सालच्या वेतन संहितेत आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तसेच 'एचआयव्हीची तपासणी करून आणा, मगच नोकरी' अशी अट घालायला २०१७ सालच्या कायद्याने बंदी आहे.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अमुक प्रश्न तोंडाने विचारलाच तर गुन्हा, अशी सरसकट यादी आपल्या कायद्यात नाही. कायद्याचा मुख्य रोख भेदभावावर आहे. म्हणून साहेबांना एकदम "हा गुन्हा आहे" म्हणून दरडावू नये. पण कायदा आपल्या पाठीशी नाही, असेही समजू नये.

घडलेली एक हकीकत सांगतो. १९८९ साली आयुर्विमा महामंडळाने एका बाईंना नोकरी दिली. त्याआधी एक छापील अर्ज भरून घेतला. मासिक पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला का, असे प्रश्न त्यात होते. पुढे त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. रजेवर असतानाच त्यांना कामावरून कमी केले. बाईंनी पाळीची तारीख खोटी लिहिली, असे महामंडळाचे म्हणणे होते. बाई दिल्लीच्या हायकोर्टात हरल्या, पण थांबल्या नाहीत. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. असे प्रश्न बाईमाणसाला शरमिंदे करणारे आहेत, बाईंना कामावर परत घ्या, आणि अर्जातले ते रकाने काढून टाका, असे कोर्टाने सांगितले. एका बाईने धीर धरला, म्हणून मागून येणाऱ्या कितीतरी जणींची त्या रकान्यांतून सुटका झाली.

उत्तर कसे द्यावे

कोर्टाची पायरी चढणे सर्वांना जमत नाही. ताईंना तर त्याच घटकेला बोलायचे होते. अशा वेळी प्रश्नामागची काळजी ओळखावी, आणि उत्तर त्या काळजीला द्यावे.

लग्नाचे आणि मुलांचे विचारतात, त्यामागे बहुधा 'ही बाई दांड्या मारील' अशी भीती असते. म्हणून ताई म्हणाल्या, "साहेब, घरची सोय मी लावली आहे. पाळी कुठलीही असो, मी वेळेवर येईन. रजा लागली तर आधी सांगेन."

जातीच्या प्रश्नाला ताई म्हणाल्या, "मी काम करणाऱ्यांपैकी, साहेब. पेशंट कोणीही असो, त्याचं सगळं मी करते."

यात खोटे काही नाही आणि उर्मटपणाही नाही. तरी साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारलाच, तर शांतपणे म्हणावे, "साहेब, हे या कामासाठी लागणार आहे का? लागत असेल तर कशासाठी ते सांगा." विचारणे हा आपलाही हक्क आहे.

कधी कधी प्रश्नामागे काळजी नसते, नुसता भेदभाव असतो. मग उत्तर कितीही चांगले दिले तरी नोकरी मिळत नाही. तो दोष आपला नव्हे. घरी येऊन स्वतःला बोल लावू नये.

काय लपवू नये

राखीव जागेसाठी अर्ज केला असेल, तर जातीचा दाखला द्यावाच लागतो. तो आपल्या हक्काचा कागद आहे. पोलिसांत गुन्हा किंवा कोर्टात खटला आहे का, असे छापील अर्जात विचारले असेल, तर खरे तेच लिहावे. खोटे लिहिले तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. ज्या आजारामुळे त्या कामात आपल्याला किंवा दुसऱ्याला इजा होईल, तो आजारही सांगावा.

प्रश्न घाणेरडा असेल तर

कोणी लाज वाटेल असे बोलले, अंगाला हात लावला, किंवा 'मला खूश ठेवशील तर नोकरी देतो' असे सुचवले, तर तिथे उत्तर देत बसू नये. उठून बाहेर यावे. तारीख, जागा, माणसाचे नाव आणि बोललेले शब्द त्याच दिवशी वहीत लिहावे. २०१३ सालच्या कायद्याप्रमाणे तक्रार करायला ती बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असे नाही. दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे तक्रार समिती असावी लागते. लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. लिहायला जमत नसेल तर समितीने मदत केली पाहिजे, असे कायद्यातच आहे. शिवाय बायकांना वकिलाची मदत फुकट मिळते. त्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जावे.

करून पाहा

उत्तर ऐन वेळी सुचत नाही. ते आधी तोंडात बसवावे लागते. म्हणून वर्गात दोघादोघांनी समोरासमोर बसा. एकाने साहेब व्हावे. त्याने दोन प्रश्न कामाचे विचारावे आणि एक नको तो विचारावा. दुसऱ्याने आवाज न चढवता, मान खाली न घालता उत्तर द्यावे. मग जागा बदला.

पहिल्या वेळी जीभ अडखळेल. चौथ्या-पाचव्या वेळी अडखळणार नाही. मग खरा साहेब समोर आला, तरी आपण काम मागायला आलो आहोत, भीक मागायला नाही, हे आपल्या आवाजातूनच त्याला कळेल.