डोंगराआडचा भूकंपमापक: डेटा लांबवर पाठवण्याविषयीचे गैरसमज

11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनानगरला 6.3 परिमाणाचा भूकंप झाला. त्यानंतर कोयना-वारणा पट्टा कधीच पुरता शांत झाला नाही. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करायला जगभरातले शास्त्रज्ञ इथे येतात. कराडला केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधनविवर खणलेलं आहे. पण आता जमिनीची हालचाल टिपणं संस्थांपुरतं राहिलेलं नाही. साडेचार हर्ट्झचा जिओफोन, 24 बिटांचा डिजिटायझर आणि तळहातावर मावणारा संगणक एवढ्यावर हौशी माणसाचंही काम भागतं. ‘रास्पबेरी शेक’ हा पनामात बनलेला असाच संच 2016मध्ये बाजारात आला आणि आज अनेक देशांत घराघरांतून त्याच्या नोंदी सुरू आहेत.

घरात मात्र जिने वाजतात, मिक्सर फिरतो, रस्त्यावरून ट्रक जातात. लहान धक्का टिपायचा तर सेन्सर वस्तीपासून दूर, शक्यतो उघड्या कातळावर बसवावा लागतो. म्हणजे नेमका तिथे, जिथे वीज नाही आणि मोबाइलला रेंज नाही. मग तिथला डेटा घरी आणायचा कसा? याची ऐकीव उत्तरं पुष्कळ मिळतात. त्यातली बरीच चुकीची आहेत, आणि त्यांच्यामुळे चांगले उपक्रम पहिल्या पावसाळ्यातच बंद पडतात.

“ट्रान्समीटर जोरदार असला की झालं”

हा गैरसमज सगळ्यात पक्का आणि सगळ्यात महाग पडणारा. मोकळ्या जागेत प्रसारणशक्ती दुप्पट केली तरी अंतर जेमतेम 1.4 पट वाढतं. आणि मधे डोंगर असेल तर शक्ती दहापट करूनही हाती फारसं लागत नाही. लांबच्या दुव्यात निर्णायक ठरते ती दोन्ही अँटेनांमधली मोकळी वाट.

व्हेनेझुएलात 2007मध्ये एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँडीजच्या एका शिखरापासून दुसऱ्या डोंगरमाथ्यापर्यंत 382 किलोमीटर अंतरावर वाय-फायचा दुवा जोडून दाखवला. उपकरणं बाजारात मिळणारीच होती, जोडीला डिश अँटेना होत्या. दोन्ही टोकं उंचावर आणि मधे काहीही आड नाही, हे त्यातलं खरं गमक. एक गोष्ट मात्र त्यांना मुद्दाम बदलावी लागली. वाय-फाय यंत्र प्रत्येक पुडक्याची पोच मिळण्याची वाट पाहतं, आणि हा अवधी घराच्या अंतरांसाठी ठरवलेला असतो. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. 382 किलोमीटर जायलाच तिला सव्वा मिलिसेकंदाहून जास्त वेळ लागतो. तोवर पाठवणारं यंत्र ‘पुडकं हरवलं’ असं समजून तेच पुन्हा पाठवत राहतं. आपला दुवा दहा-पंधरा किलोमीटरचा असला, तरी राउटरमधली ही अंतराची सेटिंग पाहायलाच हवी.

डोळ्यांना समोरचं टोक दिसलं की वाट मोकळी, हेही अर्धसत्य आहे. रेडिओलहरीला सरळ रेषेभोवती जागा लागते. वीस किलोमीटरच्या दुव्यात 2.4 गिगाहर्ट्झवर मध्यभागी या जागेची त्रिज्या सुमारे 25 मीटर असते आणि तिचा निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. शिवाय तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई मधोमध सुमारे सहा मीटर वर येते. उन्हाळ्यात छान चाललेला दुवा पावसाळ्यात झाडी वाढली की का मंदावतो, याचं एक मोठं कारण हे. कोयनानगर ते कराड हे अंतर सरळ रेषेत 45 ते 50 किलोमीटर आहे. पण खोऱ्यातल्या घळीत बसलेल्या सेन्सरला समोरचा डोंगरच दिसतो. अशा ठिकाणी डोंगरमाथ्यावर एक रिपीटर उभारून दुव्याचे दोन तुकडे करणं, हा मला एकमेव शहाणपणाचा मार्ग वाटतो.

आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झ, 5 गिगाहर्ट्झ आणि 865 मेगाहर्ट्झच्या जवळचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. शक्तीवर मर्यादा मात्र आहेत, आणि अँटेनामुळे एका दिशेला वाढणारी तीव्रताही त्यांत मोजली जाते.

“भूकंपाचा डेटा म्हणजे प्रचंड डेटा”

हिशेब करून पाहू. सेकंदाला 100 नमुने, प्रत्येक नमुना 24 बिटांचा. झाले सेकंदाला 2,400 बिट. जुन्या 2जी फोनवरच्या बोलण्याला सेकंदाला सुमारे 13,000 बिट लागत. एका वाहिनीचा दिवसभराचा डेटा सुमारे 26 मेगाबाइट भरतो, तोही न दाबता. प्रत्यक्षात तो दाबूनच पाठवतात. ‘स्टाइम’ पद्धतीत पूर्ण आकड्यांऐवजी लागोपाठच्या नमुन्यांतला फरक साठवला जातो, आणि शांत जमिनीवर हे फरक लहान असल्याने थोड्या बिटांत बसतात.

या पद्धतीची एक बाजू सहसा कुणी सांगत नाही. जमीन जोरात हलली की फरक मोठे होतात, दाबणं कमी जमतं आणि डेटा फुगतो. म्हणजे मोठ्या धक्क्याच्या क्षणीच दुव्यावर जास्तीत जास्त भार येतो. दुव्याची क्षमता शांत दिवसावरून ठरवली, तर ज्या नोंदीसाठी एवढा खटाटोप केला तीच अडकते.

“मग लोरा वापरा, कमी विजेत कितीही लांब जातं”

लोरा तंत्र कमी विजेत लांब जातं खरं, पण जितकं लांब तितकं हळू. सगळ्यात लांब पल्ल्याच्या सेटिंगवर त्याचा वेग सेकंदाला अवघा 250 बिटांच्या आसपास येतो. सगळ्यात जलद नेहमीच्या सेटिंगवर तो साडेपाच हजारांपर्यंत जातो. पण तेव्हा पल्ला आखडतो, आणि अखंड प्रवाह पाठवत राहिलात तर सगळ्यांच्या वापराचा तो पट्टा तुम्ही एकटे अडवून बसता.

लोराने सांगावा धाडावा: धक्का किती वाजता सुरू झाला, किती टिकला, सर्वाधिक हालचाल किती. हे सगळं वीस-पंचवीस बाइटांत बसतं. पूर्ण नोंद सेन्सरजवळच्या कार्डावर राहते आणि सवडीने आणता येते. ही कल्पना मंगळावरही वापरली गेली. 2018मध्ये तिथे उतरलेल्या ‘इनसाइट’ यानाचा भूकंपमापक बारीक नोंद यानातच ठेवायचा, पृथ्वीवर अखंड यायची ती कमी वेगाची नोंद. तीत काही वेधक दिसलं की शास्त्रज्ञ तेवढ्याच वेळाची बारीक नोंद मागवून घेत.

कमी वेगाची नोंद म्हणजे दर दहावा नमुना ठेवून बाकीचे फेकणं नव्हे. शेतातल्या पाण्याच्या मोटरीचं उदाहरण घ्या. मिनिटाला 1,440 फेरे म्हणजे 24 हर्ट्झचं कंपन. सेकंदाला दहाच नमुने उचलले, तर हे कंपन नोंदीत 4 हर्ट्झचं होऊन उमटतं आणि लहान स्थानिक धक्क्याशी त्याची गल्लत होते. नमुने कमी करण्याआधी वरच्या वारंवारता गाळून काढाव्याच लागतात, आणि हे काम सेन्सरपाशीच करावं लागतं. एकदा मिसळलेलं कंपन नंतर वेगळं करता येत नाही.

“डेटा उशिरा पोचला की निरुपयोगी”

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: डेटा कधी पोचला, आणि जमीन कधी हलली. पत्रावर ते टाकलं त्या गावचा शिक्का असला, की ते आठ दिवसांनी हाती येवो, टाकल्याची तारीख बदलत नाही. तसंच प्रत्येक नमुन्यावर वेळेचा शिक्का सेन्सरपाशीच बसला पाहिजे. तो बसला असेल तर तासाभराचा उशीरही नोंदीचं काही बिघडवत नाही. उलट डेटा घरच्या संगणकावर पोचेल तेव्हाची वेळ लावली, तर दुव्यातली प्रत्येक कुचराई थेट विज्ञानात शिरते.

कवचात प्राथमिक लहर सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. घड्याळ एक सेकंद चुकलं की अंतराचा अंदाज सहा किलोमीटरने चुकतो, आणि कोयनेसारख्या लहानशा पट्ट्यात तेवढ्यात भूकंप एका प्रस्तरभंगावरून दुसऱ्यावर जाऊन बसतो. इंटरनेटवरून जुळवलेलं घड्याळ चांगल्या जोडणीवर वीसेक मिलिसेकंदांत राहतं, म्हणजे चूक सव्वाशे मीटरच्या आत. पण डगमगत्या मोबाइल दुव्यावर हा भरवसा उरत नाही. दुर्गम ठिकाणी जीपीएसला पर्याय नाही. त्यातही जीपीएसची स्वतःची वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांत 2017पासून 18 सेकंदांचा फरक आहे. स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो वजा होतोय ना, हे तपासावं.

एकट्या सेन्सरपुरता मात्र दिलासा आहे. प्राथमिक आणि दुय्यम लहर यांच्या येण्यातला फरक सेकंदांत मोजून आठाने गुणला, की भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये ढोबळमानाने मिळतं. त्याला बाहेरची वेळ लागतच नाही. दोन-चार सेन्सरांच्या नोंदी जुळवायच्या झाल्या की ती लागते.

“लांब वायर ओढली तर रेडिओ कशाला?”

जमीन सेकंदाला एक मायक्रोमीटर वेगाने हलली, तर नेहमीच्या जिओफोनमधून जेमतेम 29 मायक्रोव्होल्ट मिळतात. एवढा नाजूक संदेश शेकडो मीटर वायरीतून नेला की त्यात 50 हर्ट्झची गुणगुण मिसळते, आणि वीज कडाडली की वायरीतून झटका आत येतो. आकडे जिओफोनजवळच तयार करावेत. मग आरएस-485 जोडणीने ते हजारएक मीटर सुखरूप जातात. विजांच्या भागात प्रकाशतंतू त्याहून चांगला.

“दुवा जुळला, काम संपलं”

दुवा तुटणारच, हे धरून चालावं. पुडकी हरवली तर ती जागा शून्यांनी भरू नये; शून्यावर अचानक पडलेली रेघ सॉफ्टवेअरला धक्क्यासारखी दिसते. खंड आहे तिथे खंडच दाखवावा. ‘सीडलिंक’सारखी पद्धत प्रत्येक पुडक्याला क्रमांक देते, त्यामुळे जोडणी परतल्यावर राहिलेला भाग मागून घेता येतो. मोबाइलचं सिम वापरत असाल, तर बाहेरून सेन्सरला गाठता येईल अशी आशा ठेवू नका. बहुतेक सिमला स्वतंत्र पत्ता नसतो, म्हणून सेन्सरनेच घरच्या संगणकाकडे जोडणी सुरू केली पाहिजे.

दुवा तुटतो तो पुष्कळदा विजेअभावी. तीन वॅटचा संगणक दिवसाला 72 वॅट-तास खातो. जुलैतल्या सह्याद्रीत पाच दिवस ऊन नाही असं धरलं, तर 360 वॅट-तास साठा हवा. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून 12 व्होल्टची 60 अँपिअर-तासांची बॅटरी लागते, आणि रेडिओची गरज त्यावर वेगळी. अर्धा वॅट खाणारा मायक्रोकंट्रोलर निवडला तर हेच गणित सहाव्या हिश्शावर येतं. सौर पॅनल आणि अँटेनाचा खांब सेन्सरपासून लांब रोवावा, कारण वाऱ्याने खांब हलला की त्याच्या पायाभोवतीची जमीनही हलते.

मोठ्या धक्क्यात मोबाइल टॉवरची वीज जाते आणि उरलेल्या जाळ्यावर सगळ्यांचे फोन एकदम सुरू होतात. तुमचा दुवा त्या वेळी चालेल, याची हमी कुणीच देऊ शकत नाही. म्हणून सेन्सरपाशी 32 गिगाबाइटचं कार्ड हवंच. दिवसाला 26 मेगाबाइटच्या हिशेबाने त्यावर तीन वर्षांहून जास्त नोंद मावते. दर पावसाळ्याआधी ते काढून वाचून पाहावं, आणि चालू असलं तरी नवं घालावं.