भाऊबंदकीतले राजदूत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मन संघाची सभा फ्रँकफर्टमध्ये भरत असे. ऑस्ट्रिया, प्रशिया आणि इतर लहानमोठ्या राज्यांचे दूत तिथे एकत्र बसत आणि अध्यक्षपद कायम ऑस्ट्रियाच्या दूताकडे असे. सभेत सिगार ओढायचा मानही त्या एकट्याचाच. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण दुसरं कोणी खिशात हात घालत नसे. १८५१ साली प्रशियानं ओटो फॉन बिस्मार्क नावाचा छत्तीस वर्षांचा जमीनदार तिथे दूत म्हणून पाठवला. त्यानं एके दिवशी आपली सिगार काढली आणि अध्यक्ष काउंट थून यांच्याकडेच काडी मागितली. बाकीच्यांची पंचाईत झाली. आपणही ओढावी की नाही, अशी विचारणा करणारी पत्रं राजधान्यांकडे गेली आणि ज्यांना तंबाखू सोसत नव्हता तेही राज्याच्या इभ्रतीखातर ठसकत ठसकत सिगार ओढू लागले. हा किस्सा बिस्मार्क स्वतःच पुढे रंगवून सांगत असे, तेव्हा त्यात पदरचा मीठमसाला असणारच.

भाषा एक, सणवार पुष्कळसे एक, आणि मानापमान मात्र डोळ्यांत तेल घालून जपायचे. याला आपल्याकडे भाऊबंदकी म्हणतात. पुण्याहून नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी जाणाऱ्या वकिलाला दुभाष्या लागत नसे, पण म्हणून त्याचं काम सोपं नसे. व्हिएन्ना आणि बर्लिन यांच्यामधल्या वकिलातीची गोष्ट त्याच जातीची आहे. परक्या देशातल्या राजदूताला जवळीक साधायची असते. या दोघांना मात्र ‘आम्ही निराळे आहोत’ हेच वारंवार सिद्ध करावं लागलं.

दूतांमधली उतरंडही व्हिएन्नातच ठरली. त्याआधी कोणाची बग्गी पुढे, यावरून लंडनसारख्या शहरात १६६१ साली फ्रेंच आणि स्पॅनिश वकिलातींच्या माणसांत भर रस्त्यात रक्त सांडलं होतं. १८१५च्या मार्चमध्ये व्हिएन्ना परिषदेनं दूतांचे वर्ग पाडले: वरती ‘बोटशाफ्टर’, म्हणजे राजाचा प्रत्यक्ष प्रतिनिधी असलेला राजदूत, आणि त्याच्या खाली ‘गेझांटे’, म्हणजे साधा दूत. एकाच वर्गातल्या दोघांत जो आधी आला तो ज्येष्ठ. आजही जगभर हाच हिशेब चालतो.

प्रशियाचा व्हिएन्नातला माणूस बरीच वर्षं गेझांटेच होता. कार्ल फॉन वेर्थर १८५९ साली तिथे आले. १८६६ साली दोन्ही देशांत युद्ध पेटलं आणि त्यांना शहर सोडावं लागलं. ३ जुलैला क्योनिगग्रेट्झच्या रणात ऑस्ट्रियाचा धुव्वा उडाला. ऑगस्टमध्ये प्रागचा तह झाला, त्यावर प्रशियाकडून सही वेर्थर यांचीच होती, आणि मग तेच पुन्हा व्हिएन्नात दूत म्हणून हजर झाले. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं जेवायला जायचं त्यांना तहाच्या टेबलावर वाकवून परत त्यांच्याच दारात उभं राहायचं, ही नोकरी काय असेल याची कल्पना करावी.

१८७१ साली जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि दोन्हीकडे पूर्ण दर्जाचे राजदूत आले. १८७७ ते ७९ या काळात व्हिएन्नात व्हिक्टर रुम्पेलमायर या वास्तुविशारदानं जर्मन वकिलातीसाठी वाडा बांधला. रस्त्याचं नाव मेटरनिखगासे, आणि मेटरनिख घराण्याचा वाडा तिथून जवळच. या घराण्यातला, पुढे ऑस्ट्रियाचा चान्सेलर झालेला मेटरनिख तरुणपणी बर्लिनमध्ये ऑस्ट्रियाचा दूत होता, म्हणजे रस्त्याचं नावही त्याच पेशातलं.

नव्या वाड्यात राहायला आले राजदूत प्रिन्स हाइनरिख रॉइस, सातवे. हे ‘सातवे’ गादीवरचे नव्हेत. रॉइस घराण्यात प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिखच ठेवायचे आणि ओळखीसाठी आकडा लावायचे. ७ ऑक्टोबर १८७९ रोजी व्हिएन्नात जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात जो गुप्त करार झाला त्यावर जर्मनीकडून सही याच रॉइस यांची. तेरा वर्षांपूर्वीचे शत्रू आता एकमेकांच्या रक्षणाला बांधले गेले, आणि करारातला मजकूर जगाला कळायला १८८८ साल उजाडलं.

त्या वाड्यातली सर्वांत गाजलेली रात्र मात्र राजकारणाची नव्हती. २७ जानेवारी १८८९ या दिवशी कैसर दुसरा विल्हेल्म तीस वर्षांचा झाला म्हणून रॉइस यांनी मेजवानी दिली. सम्राट फ्रान्झ योसेफ आले, युवराज रूडॉल्फ आले. रिवाजाप्रमाणे युवराजाच्या अंगावर प्रशियन उलान पलटणीचा गणवेश होता, आणि त्याला विल्हेल्म मनापासून नावडत असे. ज्याचं तोंड बघवत नाही त्याच्या वाढदिवसाला त्याच्याच पलटणीचे कपडे घालून उभं राहायचं, असा तो प्रसंग. दिवाणखान्यात युवराजाची सतरा वर्षांची प्रेयसी मारी फेट्सेराही होती, आणि युवराज्ञी स्टेफानीही. तिसऱ्या दिवशी सकाळी मायरलिंगच्या शिकारी बंगल्यात रूडॉल्फ आणि मारी दोघंही मृत सापडले.

उलट दिशेची एक गंमत आहे. १८७१ पासून १९१४ पर्यंत बर्लिनमध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे तीन राजदूत झाले: कारोई, सेचेन्यी आणि स्योग्येनी. तिघंही हंगेरियन सरदार. दोन जर्मनभाषक दरबारांमधला धागा चाळीसहून अधिक वर्षं ज्यांच्या हातात होता त्यांचं मूळ मग्यार. मला यात योगायोगापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. भावाभावांच्या वाटण्यांत मध्यस्थ घरातला नसलेला बरा.

पण १९१४च्या जुलैत त्या शहाणपणाचा उपयोग झाला नाही. सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या नव्या युवराजाची हत्या झाल्यानंतर व्हिएन्नातले जर्मन राजदूत चिर्श्की यांनी ३० जूनला बर्लिनला कळवलं की मी इथे घाईनं पावलं टाकू नका असं समजावतो आहे. राजदूतानं असंच करायचं असतं. कैसरनं तो अहवाल वाचला, समासात चिडून शेरे मारले: याला हा अधिकार दिला कोणी? पुढच्या दिवसांत चिर्श्कींचा सूर बदलला. ५ जुलैला, रविवारी, स्योग्येनी फ्रान्झ योसेफ यांचं पत्र घेऊन पोट्सडामच्या नव्या राजवाड्यात गेले. वय बहात्तर, निवृत्ती तोंडावर. जेवणाआधी कैसर सावध होता, चान्सेलरला विचारायला हवं म्हणाला. जेवणानंतर त्यानं जर्मनी पाठीशी उभी राहील असा शब्द दिला. इतिहासकार याला ‘कोरा चेक’ म्हणतात. चार आठवड्यांत युरोप पेटला होता.

युद्ध हरल्यावर उलटाच प्रकार झाला. १२ नोव्हेंबर १९१८ रोजी व्हिएन्नात प्रजासत्ताक जाहीर झालं आणि त्याच कायद्यात लिहिलं की आम्ही जर्मन प्रजासत्ताकाचा भाग आहोत. बर्लिनला पाठवले गेले इतिहासकार लुडो मोरिट्झ हार्टमान. दोन देश एक व्हावेत यासाठी त्यांनी झटायचं, म्हणजे आपलं पदच उरू नये हे त्यांचं काम. दोस्त राष्ट्रांनी ते होऊ दिलं नाही. १९१९च्या सँ-जर्मेंच्या तहानं विलीनीकरणाची वाट अडवली आणि पद शाबूत राहिलं.

२५ जुलै १९३४ रोजी ऑस्ट्रियन नाझींनी चान्सेलर डोलफुस यांना त्यांच्याच कार्यालयात गोळ्या घातल्या. जर्मन दूत कुर्ट रीट बंडखोरांना सुखरूप वाट मिळवून देण्याच्या बोलण्यात गुंतले, बर्लिनचा हात उघडा पडला, आणि हिटलरनं त्यांना माघारी बोलावलं. त्यांच्या जागी फ्रान्झ फॉन पापेन आले: कॅथलिक, घरंदाज, गोड बोलणारे. महिनाभरापूर्वी हिटलरनंच घडवलेल्या कत्तलीत त्यांच्या दोन जवळच्या सहकाऱ्यांचा बळी गेला होता, तरी त्यांनी हे काम पत्करलं. ११ जुलै १९३६च्या करारात जर्मनीनं ऑस्ट्रियाचं सार्वभौमत्व मान्य केलं, आणि पापेन यांना राजदूताचा दर्जा मिळाला. मान्यता कागदावर आणि पोखरणं आतून, असा तो कारभार. ४ फेब्रुवारी १९३८ला त्यांना काढल्याचं कळवण्यात आलं. त्यांनी तडक हिटलरला गाठून चान्सेलर शुशनिग यांच्याशी भेट ठरवली. १२ फेब्रुवारीला बेर्खतेसगाडेनला शुशनिग यांना दमात घेतलं गेलं, १२ मार्चला सैन्य सरहद्द ओलांडून आलं. एका देशात दुसरा देश विरघळला तेव्हा वकिलातीलाही अर्थ उरला नाही. पापेन यांचा तरुण मदतनीस विल्हेल्म फॉन केटेलर त्या दिवसांत नाहीसा झाला. एप्रिलमध्ये त्याचं प्रेत डॅन्यूबमध्ये सापडलं. पापेन पुढे तुर्कस्तानात राजदूत झाले आणि न्युरेंबर्गमध्ये निर्दोष सुटले.

रुम्पेलमायरचा वाडा दुसऱ्या महायुद्धात गेला. १९५५च्या करारानं ऑस्ट्रिया स्वतंत्र झाली, आणि जर्मनीशी पुन्हा एक होण्यावर त्यात स्पष्ट बंदी आहे. मेटरनिखगासेवर रोल्फ गुटब्रोड यांनी नवी वकिलात बांधली. १९७२च्या डिसेंबरात व्हिएन्नानं पूर्व जर्मनीशीही संबंध जोडले, तेव्हा १९९० पर्यंत एकाच शहरात दोन जर्मन राजदूत. बर्लिनमध्ये २००१ साली हान्स होलाइन यांनी ऑस्ट्रियासाठी हिरवट तांब्याच्या वळणदार भिंतीची वकिलात उभारली. भारताची लाल दगडातली वकिलातही तिथून हाकेच्या अंतरावर.

आता दोघांचं चलन एक. भांडायचं कशावर? ऑस्ट्रियानं १९९५ साली युरोपीय संघात जाताना आपल्या करारात एक यादी जोडून घेतली. तिच्यात खाण्याच्या जिनसांची २३ ऑस्ट्रियन नावं आहेत. बर्लिनकर टोमॅटोला ‘टोमाटे’ म्हणतो, व्हिएन्नाकर ‘पाराडाइझर’. तिकडे ‘अप्रिकोझे’, इकडे ‘मारिल्ले’. बटाटा तिकडे ‘कार्टोफेल’ आणि इकडे ‘एर्डआप्फेल’, म्हणजे मातीतलं सफरचंद. कायद्याच्या मजकुरात दोन्ही नावांचा दर्जा सारखा, असं त्या यादीवर लिहिलेलं आहे. १८१५ साली दूतांच्या वाट्याला जी उतरंड आली होती, ती बटाट्याच्या वाट्याला आलेली नाही.